तारीख पुढे गेली, कंटेनर आधी आला

वाचकाचं पत्र:

आदरणीय मॅडम, सा. न. मी जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या एका केळी पॅकहाउसवर ऑफिसचं काम पाहतो. वय २६, बीकॉम, मराठी माध्यम. बिलं, गाडीचे कागद आणि दुबईच्या पार्टीला इंग्रजीत मेल करणं माझ्याकडे आहे. या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घात झाला. लोडिंग गुरुवारी ठरलं होतं आणि आखाजी बुधवारी. कापणीची न् पॅकिंगची माणसं गावी गेली, ती शुक्रवारशिवाय येणार नव्हती. शेठ म्हणाले, लोडिंग दोन दिवस पुढे ढकल, तसा मेल टाक. मी लिहिलं, 'वुई हॅव पुट फॉरवर्ड द लोडिंग बाय टू डेज.' कंटेनर शनिवारी यायला हवा होता, तो मंगळवारी सकाळीच दारात! केळी झाडावर, माणसं निघायच्या तयारीत, बाहेर ४४चा पारा आणि ड्रायव्हर म्हणतो माल भरा. कंटेनर उभा राहिला त्याचा भुर्दंड शेठना बसला. मी माफीचा मेल लिहिला, त्यात मोबाइलवर शोधून 'वुई वॉन्टेड टू पुट ऑफ इट' असं घातलं. तिकडून उलटा प्रश्न आला, 'डू यू मीन पुट इट ऑफ, ऑर कॉल इट ऑफ?' मला दोन्ही कळलं नाही. आमचा सुपरवायझर म्हणतो, पुट ऑफ म्हणजे लाइट बंद करणं. शेठ एका शब्दाने बोलले नाहीत, पण आता माझा प्रत्येक मेल आधी त्यांच्या पुण्यात शिकणाऱ्या भाच्याकडे जातो. फाडफाड इंग्रजीचा एखादा क्लास लावू का? मी तुमच्या मुलाच्या वयाचा आहे, अरे-तुरे केलं तरी चालेल.
– एक वाचक, रावेर तालुका

उत्तर:

भाऊ, तुझं पत्र आखाजी होऊन आठवडा झाला असेल-नसेल तेव्हा आलं. उत्तर लिहायला मात्र पोळा उजाडला. कामात होते म्हणावं, तर तसंही नाही. निवृत्त बाई मी, सकाळचे दोन तास मोकळेच असतात. रोज पाकीट हातात घ्यायचं आणि 'उद्या लिहू' म्हणून परत टेबलावर ठेवायचं. याला इंग्रजीत म्हणतात, 'आय केप्ट पुटिंग इट ऑफ.' ज्या शब्दावर तू अडकलास, तो शब्द मी साडेतीन महिने रोज करत होते.

या उत्तरात इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिते आहे. ती तोंडाने म्हणायची आहेत. बागेतून चालता चालता मोठ्याने म्हण, केळीची झाडं हसत नाहीत.

आधी घोटाळ्याचं पाहू. तुझं इंग्रजी कच्चं म्हणून कंटेनर आधी आला असं तू धरून चाललायस. मला तसं दिसत नाही. तू मराठीत विचार चोख केलास आणि तो आहे तसा इंग्रजीच्या अंगात घातलास. अडचण त्या एका 'पुढे' या शब्दात आहे.

आपण मराठी माणसं काळाकडे तोंड करून उभे असतो. यायचं आहे ते पुढे, झालं ते मागे. पुढचा महिना म्हणजे येणारा, मागची आखाजी म्हणजे होऊन गेलेली. त्यामुळे 'तारीख पुढे ढकल' म्हटलं की ती आपल्यापासून लांब, आणखी उशिरावर गेली. शेठ तेच बोलले आणि तू तेच ऐकलंस. हिंदीतही तारीख 'आगे बढ़' गेली की उशीरच होतो, म्हणजे तुझ्या ड्रायव्हरलाही हाच अर्थ कळला असता. पण तू 'पुढे'च्या जागी 'फॉरवर्ड' बसवलास, आणि तारखांच्या बाबतीत फॉरवर्ड बहुतेक वेळा उलट्या दिशेने चालतो. 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे अलीकडे आणणं, लवकर करणं. ब्रिंग म्हणजे आणणं. तापीच्या पलीकडच्या काठावरची वस्तू कोणी आणली तर ती आपल्याच बाजूला येणार ना? तसंच ते. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत 'पुट फॉरवर्ड'ही याच अर्थाने चालतो. एरवी त्याचा अर्थ मांडणं, म्हणजे प्रस्ताव मांडणं, सूचना मांडणं. म्हणून तुझा मेल वाचणाऱ्याने गुरुवारातून दोन दिवस वजा केले आणि मंगळवार काढला. त्याच्या बाजूने त्याने कामच चोख केलं.

यात तुला थोडा धीर येईल अशी एक गोष्ट आहे. मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी इंग्रजी मातृभाषा असलेल्या लोकांना एक साधा प्रश्न विचारून पाहिला आहे: येत्या बुधवारची मीटिंग दोन दिवस 'मूव्ह्ड फॉरवर्ड' झाली आहे, तर ती आता कोणत्या वारी? साधारण निम्मे म्हणतात सोमवारी, निम्मे म्हणतात शुक्रवारी. आईच्या दुधाबरोबर इंग्रजी प्यालेले लोक हे! लेरा बोरोडित्स्की आणि मायकल रॅमस्कार यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच प्रश्न विमानतळावरच्या लोकांना विचारला. नुकतेच विमानातून उतरलेले लोक शुक्रवार म्हणण्याकडे जास्त झुकले. त्यांना घ्यायला येऊन ताटकळत उभे असलेले तितके झुकले नाहीत. स्वतः प्रवास करून आलेल्याला काळातही आपणच पुढे सरकतोय असं वाटतं. जागेवर उभा असलेल्याला वाटतं, काळ आपल्याकडे चालत येतोय. भुसावळ स्टेशनावर कोणी हा प्रश्न मराठीत विचारला, तर गाडीतून उतरलेला आणि बाकावर बसलेला दोघंही एकच वार सांगतील. आपला 'पुढे ढकलणे' पक्का आहे, त्यांचा 'फॉरवर्ड' डळमळीत.

तेव्हा तारखांच्या मेलमध्ये 'फॉरवर्ड' हा शब्द तू यापुढे वापरूच नकोस, 'ब्रिंग फॉरवर्ड' सोडून. आपल्याकडे त्याच्यासाठी 'प्रीपोन' म्हणतात, आणि मुंबईच्या एजंटाला तो बरोबर कळतो. मला तो शब्द आवडतोही. पोस्टपोन आहे तर प्रीपोन का नसावा? मोठ्या इंग्रजी शब्दकोशांनीही त्याला आता घरात घेतलंय. पण परदेशातला माणूस त्यावर अडखळू शकतो, त्याच्यासाठी 'ब्रिंग फॉरवर्ड'च बरा.

आता तुझा खरा शब्द, पुट ऑफ. पुढे ढकलणं, लांबणीवर टाकणं. काम होणार आहे, पण ठरल्या वेळी नाही. आणि कॉल ऑफ म्हणजे रद्द करणं, काम होणारच नाही. तिकडच्या माणसाने तुला एवढंच विचारलं होतं: लोडिंग लांबवायचं होतं की मोडायचं होतं? त्याला दुसरीकडून माल उचलायचा की तुमची वाट पाहायची, हे त्यावर ठरणार होतं. यात टोमणा नव्हता.

या दोन 'ऑफ'मधला फरक मी फार महागात शिकले आहे. नोकरीची पहिली वर्षं होती, तापीकाठच्या एका खेड्यातलं हायस्कूल. हेडमास्तर गणिताचे. इंग्रजी कागद आला की 'बाईंना बोलाव' असा शिपायाला हुकूम. त्या जानेवारीत तपासणी ठरली होती. महिनाभर आम्ही सगळे जुंपलेलो. भिंतींना चुना, पटांगणाला सडा, वह्या तपासून तपासून बोटं लाल शाईने रंगलेली. दोन दिवस उरले असताना वरच्या ऑफिसातून एक छोटं इंग्रजी पत्र आलं. 'द इन्स्पेक्शन हॅज बीन पुट ऑफ,' अशी पहिली ओळ. माझ्या डोळ्यांना त्यातला फक्त 'ऑफ' दिसला. पंखा ऑफ, दिवा ऑफ, तसं तपासणी ऑफ. मी म्हटलं, 'सर, रद्द झाली.' हेडमास्तरांनी तिथल्या तिथे पेढे मागवले. 'अंटिल फर्दर नोटीस' अशी दुसरी ओळ होती, तिच्याकडे कोणी बघितलंच नाही.

पुढे नोटीस काही आली नाही, जीपच आली. तीन आठवड्यांनी, बाजाराच्या दिवशी. निम्मी पोरं बाजारात, वह्यांचे गठ्ठे न तपासलेले, आणि पटांगणात गावातल्या कोणाची तरी तूर वाळत घातलेली. साहेब तुरीला वळसा घालून ऑफिसात आले. हेडमास्तरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि तेही तुझ्या शेठसारखे एका शब्दाने बोलले नाहीत. ते न बोलणं किती दिवस टोचतं हे मला ठाऊक आहे, म्हणून तुझ्या पत्रातली ती भाच्याची ओळ मी दोनदा वाचली.

असो. आता तुझं दुसरं वाक्य. 'पुट ऑफ इट' का चुकलं आणि 'पुट इट ऑफ' का बरोबर?

पुट ऑफ ही जोडी सैल गाठीची आहे. मध्ये वस्तू बसू शकते. 'वुई पुट ऑफ द लोडिंग' म्हण किंवा 'वुई पुट द लोडिंग ऑफ' म्हण, दोन्ही चालतात. पण वस्तूचं नाव न घेता इट, देम, हिम, हर असलं सर्वनाम आलं की ते मध्येच बसणार, शेवटी नाही. 'पुट इट ऑफ.' हा नियम मोडता येत नाही. कारण कानाने समजून घे. अशा जोडीत जोर शेवटच्या शब्दावर पडतो: पुट *ऑफ*. 'इट' हलकाफुलका, त्याच्यावर जोर पडत नाही. वाक्याच्या शेवटी इंग्रजीला वजनदार शब्द लागतो. म्हणून हलका आत सरकतो आणि जोराचा 'ऑफ' शेवटाला राहतो. भराभर म्हटलं की ते एकच शब्द होऊन जातं: पुटिटॉफ. दहा वेळा म्हण. पुटिटॉफ, पुटिटॉफ. ट्रॅक्टर चालू झाल्यासारखं वाटेल, वाटू दे. एकदा जीभ वळली की 'पुट ऑफ इट' तुझ्याच कानाला खटकायला लागेल, आणि तेव्हा नियम विसरलास तरी चालेल.

याच कारणाने वस्तूचं नाव लांबलचक असेल तर ते शेवटी टाकायचं. 'वुई पुट ऑफ द लोडिंग ऑफ द सेकंड कंटेनर.' एवढं सगळं मध्ये कोंबून शेवटी एकटा 'ऑफ' लोंबत ठेवलास तर वाचणाऱ्याची दमछाक होते. (प्रत्येक जोडी अशी सैल नसते. 'लुक आफ्टर इट' मध्ये इट शेवटीच राहतो, 'लुक इट आफ्टर' कोणी म्हणत नाही. पण तो आजचा विषय नाही.)

आणखी दोन ठिकाणी आपली माणसं हमखास घसरतात. पुट ऑफनंतर क्रियापद आलं की त्याला 'इंग' लागतो. मराठीत 'फोन करायचं पुढे ढकललं' म्हणतो, त्या 'करायचं'च्या मागे लागून पोरं 'पुट ऑफ टू कॉल' लिहितात. बरोबर आहे ते 'आय पुट ऑफ कॉलिंग यू.' आणि भूतकाळातही पुट हा पुटच राहतो. काल पुट, आज पुट, 'पुटेड' असं काही नाही. त्यामुळे 'वुई पुट इट ऑफ' हे कालचं की आजचं, हे सोबतच्या तारखेवरून कळतं. तारीख लिहायचीच, त्याचं हेही एक कारण. नवी तारीख सांगताना 'अंटिल' किंवा 'टिल': 'अंटिल सॅटर्डे.' किती दिवसांनी, हे सांगताना 'फॉर': 'फॉर टू डेज.' एवढं पुरे.

आता तुला वाटेल, ठेवणं आणि लांब या दोन शब्दांतून लांबणीवर टाकणं निघतं, हे तरी निदान समजतं. पण बाकीचं? पुट अप, पुट आउट, पुट डाउन, पुट अप विथ... क्लासवाले असल्या शंभर जोड्यांची झेरॉक्स हातात देतात आणि म्हणतात पाठ करा. पाठ होतात, आणि मेल लिहायच्या वेळी एकही कामाला येत नाही. कारण त्या सुट्या शब्दांच्या बेरजेने बनलेल्या नसतात.

आपल्या 'लावणे'कडे बघ. केळी लावतो, दार लावतो, दिवा लावतो, हात लावतो, नाद लावतो, बोल लावतो, पोराला मार्गी लावतो. आणि एखाद्याची वाट लावतो! उद्या तुझा दुबईचा माणूस मराठी शिकायला बसला आणि शब्दकोशात वाट म्हणजे रस्ता, लावणे म्हणजे बसवणे असं पाहून गेला, तर 'कंटेनरने आमची वाट लावली' हे वाक्य वाचून तो म्हणेल, वा, कंटेनरने रस्ता दाखवला! 'वाट पाहिली' वाचून म्हणेल, रस्त्याची पाहणी केली. तू त्याला काय समजावशील? हेच सांगशील की भाऊ, वाट लावणे हा एकच शब्द समज, आणि माणसं कधी वापरतात ते ऐक. दार लावताना 'लावणे'चा एक अर्थ, दिवा लावताना दुसरा, हे आपण कधी पाठ केलं नाही. आजी म्हणाली 'दार लाव' आणि आपण दार लावलं.

इंग्रजांनाही हे कळत होतं. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला मोठा इंग्रजी शब्दकोश काढला, त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहून ठेवलंय की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची आपल्या भाषेला फार खोड आहे आणि परक्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो. आपल्या जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, माल आखातात जायला लागला, आणि ती जॉन्सनची अडचण तुझ्या टेबलावर येऊन बसली.

तुमचा सुपरवायझर अगदीच खोटं बोलत नाही. 'पुट ऑफ द लाइट' आपल्याकडे घरोघर ऐकू येतं, इतरही काही ठिकाणी बोलतात. पण 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' सगळ्या जगात कळतं, तेव्हा तेच बोललेलं बरं. त्याच्याशी वाद घालू नकोस.

पुट ऑफचे आणखी दोन अर्थ मात्र तुझ्या धंद्यात लागतील. एक म्हणजे माणसाला टोलवणं. शेतकरी केळीचे पैसे मागायला जातो, समोरचा म्हणतो सोमवारी ये. सोमवारी गेलं की म्हणतो शेठ बाहेरगावी आहेत, परवा या. अशा वेळी तो शेतकरी इंग्रजीत बोलला असता तर म्हणाला असता, 'ही कीप्स पुटिंग मी ऑफ.' इथे तारीख लांबली नाही, माणूसच लांब ठेवला गेला. रावेर-यावलच्या बांधावर हे वाक्य समजावून सांगायची गरज पडणार नाही.

दुसरा अर्थ मन उडणं, इच्छाच मरणं. समज, तुमची पार्टी कधी बाग पाहायला आली आणि शेठनी रात्री शेवभाजी सांगितली. वाटीत लालभडक तर्री, वर बोटभर तेल. पाहुण्याने पाहिलं आणि चमचा खाली ठेवला. 'द ऑइल पुट हिम ऑफ.' तुझं काम अशा वेळी म्हणायचं, 'डोन्ट बी पुट ऑफ बाय द कलर.' रंगावर जाऊ नका हो. (तिखट किती आहे हे विचारलं तर विषय बदल.) यात 'पुट ऑफ हिम' म्हणून चालणार नाही, हे आता सांगायला नको. पुट हिम ऑफ.

हे तीनही अर्थ एकाच ठिकाणाहून निघतात: काम लांब, माणूस लांब, मन लांब. ऑफमध्ये हे लांब होणं आहे. ही माझी स्वतःची लक्षात ठेवायची युक्ती आहे, व्याकरण म्हणून कोणाला सांगू नकोस. कॉल ऑफला ती लावायला गेलास तर फसशील.

एक गोष्ट मात्र तुझ्या मोबाइलने तुला सांगितली नसेल. पुट ऑफला टाळाटाळीचा किंचित वास असतो. दातांच्या डॉक्टरकडे जायचं आपण पुट ऑफ करतो, मी तुझं उत्तर पुट ऑफ केलं. नेहमीच असा अर्थ निघतो असं नाही, साध्या लांबणीवर टाकण्यालाही तो चालतो. पण नव्या पार्टीला, पहिल्यावहिल्या मेलमध्ये 'पोस्टपोन' लिही. तो लॅटिनमधून आलेला, कोट घातलेला शब्द आहे. गंमत म्हणजे आतून तोही हाच आहे, 'पोस्ट' म्हणजे नंतर आणि 'पोनेरे' म्हणजे ठेवणं. त्याच्यात इट कुठे घालायचा ही भानगड नाही: 'पोस्टपोन इट.' ओळखीच्या माणसाला फोनवर पुट ऑफ, कागदावर पोस्टपोन. आणि माझ्या मते पोस्टपोनपेक्षाही दोन तारखा महत्त्वाच्या. जुनी आणि नवी, वारासकट. तुझ्या त्या मेलमध्ये 'शनिवार' एवढा एक शब्द असता, तर 'फॉरवर्ड' लिहूनही कंटेनर शनिवारीच आला असता. किंवा निदान तिकडून फोन आला असता की बाबा, नक्की काय.

क्लासचं विचारलंस. तीस दिवसांत फाडफाड बोलायला लावणाऱ्यांकडे जाऊ नकोस, तुला फाडफाड काही करायचंच नाहीये. तुला आठवड्याला पाच-सहा मेल लिहायचे असतात आणि त्यात तेच ते येतं: माल तयार आहे, उशीर होईल, पेटी तेरा किलोची, तापमान तेरा अंश, कागद जोडले आहेत. त्यापेक्षा एक वही घाल. तिकडून आलेल्या मेलमधलं जे वाक्य आवडलं ते जसंच्या तसं उतरवून घे, तारीख घालून. 'माणसं अशी बोलतात' ही तुझी वही. सहा महिन्यांत शंभर जोड्यांची झेरॉक्स लागणार नाही, आणि त्यातली प्रत्येक ओळ कोणीतरी खरोखर वापरलेली असेल. माझ्याकडे अशा अकरा वह्या आहेत. पहिल्या वहीचं पहिलं वाक्य कोणतं, ते तुला सांगायला नको. तपासणीनंतर त्याच रात्री कंदिलाच्या उजेडात लिहिलं होतं.

शेठशी मात्र बोल. गप्प बसून ते भाच्याच्या मार्फत बोलतायत आणि तूही गप्प आहेस. त्यांना सांग की चूक एका शब्दाची होती, ती कोणती ते कळलंय, आणि यापुढे तारखेच्या प्रत्येक मेलमध्ये दोन्ही वार लिहीन. पॅकहाउसवाल्याला व्याकरणाशी देणंघेणं नसतं, पण 'दोन्ही वार लिहीन' हे त्याला लगेच पटतं. हे आपण मजुरांच्या बाबतीत करतोच की. 'परवा ये' म्हणत नाही, 'शनवारी ये, परवा' म्हणतो.

आता दिवाळी जवळ आली. भाऊबीज गुरुवारी आहे, तुमची माणसं शनिवारशिवाय हाताला लागणार नाहीत, म्हणजे पुन्हा तोच प्रसंग. त्यासाठी एक मेल लिहून देते, तारखा तेवढ्या तपासून घे:

'डिअर सर, द लोडिंग इज प्लॅन्ड फॉर थर्सडे, २३ ऑक्टोबर. आवर वर्कर्स विल बी अवे फॉर अ फेस्टिव्हल, सो वुई हॅव टू पुट इट ऑफ अंटिल सॅटर्डे, २५ ऑक्टोबर. इट इज नॉट कॅन्सल्ड. प्लीज सेंड द कंटेनर ऑन सॅटर्डे मॉर्निंग, नॉट बिफोर.'

शेवटचे दोन शब्द गाळू नकोस, मागच्या वेळचा कंटेनर त्यांना आठवत असणार. 'इट इज नॉट कॅन्सल्ड' ही ओळ जास्तीची वाटेल, पण माझ्या त्या हेडमास्तरांना ती मिळाली असती तर पेढ्यांचे पैसे वाचले असते. मेल रोजच्यासारखा आधी भाच्याकडे जाऊ दे. पण सोबत त्याला एक प्रश्न टाक: यात 'पुट ऑफ इट' का नाही लिहिलं?